बनुबाईची मोट

बनुबाई रागावली की तिच्या हातचं काम जास्तच चांगलं व्हायचं. भाकरी पातळ यायची, धुणं लख्ख निघायचं. मिरजेच्या बाजूच्या तिच्या वाडीत बायका हसून म्हणायच्या, बनुबाई रागावलेलीच बरी. एकच राग तिला महागात पडला. मोटेचा.

नवरा गेला तरी विहिरीचं पाणी ओढायच्या चामड्याच्या मोटेला दर पंधरवड्याला करंजाचं तेल चोळायचं तिनं सोडलं नव्हतं. मग लेकानं, ज्ञानूनं, विजेची मोटार बसवली. तेलाची वाटी घेऊन बसलेल्या आईला बघून तो म्हणाला, "आये, त्या मढ्याला कशाला तेल पाजतीस?"

बनुबाईनं वाटी तिथंच उपडी केली. "आता तुमी न् तुमची मोटार," एवढंच बोलली. मोट घडी होऊन गोठ्याच्या माळ्यावर गेली, आणि पाच वर्षं तिनं त्या चामड्याला बोट लावलं नाही.

चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यात मोटार जळाली. सांगलीचा कारागीर म्हणाला, आठ दिवस लागतील. पण पानमळा आठ दिवस कसा थांबणार? विड्याच्या पानांचे वेल ते, पाणी नसलं की चौथ्या दिवशी माना टाकतात. आणि मळा बनुबाईच्या नवऱ्यानं लावलेला.

ज्ञानूनं मोट खाली ओढली, तर फळी पडल्यासारखा आवाज झाला. घडी काही उलगडेना. त्यानं अंगणात तीन दगड मांडले, हंडाभर पाणी उकळलं आणि हंडा उचलला.

"खाली ठेव त्यो," बनुबाई म्हणाली.

"मऊ हुईल की, आये."

"मऊ? कढत पाण्यानं चामडं आखडतं, मुडद्या. टोपीएवढं हुईल. मग ती घाल डोक्यावर न् हिंड सांगलीत." तिनं हंडा घेऊन उकिरड्यावर ओतला.

"मग कसं करायचं, तू सांग की."

"पाच वर्सांनी इचारतोस व्हय?"

पण हात सुरू झाले होते. गार पाण्यात पोती भिजवून पिळली, मोट त्यांत गुंडाळली आणि सावलीला ठेवली. संध्याकाळी वरची घडी बोटभर हलली. जेवढी हलली तेवढीच तिनं उघडली, उन्हात कोमट केलेलं तेल तळव्यानं आत जिरवलं आणि पुन्हा पोतं घातलं. दुसऱ्या दिवशीही तेच. चोळता चोळता ज्ञानूला शिव्या, मोटारीला शिव्या, तारेतल्या विजेलासुद्धा.

शेजारचा बिराप्पा बघायला आला. "वैनी, पाय देऊन दाबा. झटक्यात उलगडंल."

"तुमच्या मानंवर देऊ का पाय, भावजी?"

बिराप्पा चहा न घेताच गेला.

तिसऱ्या दिवशी दुपारी शेवटची घडी सुटली, आणि बनुबाईच्या तोंडातली शिवी अर्धीच राहिली. घडीच्या जागी वीतभर चीर होती. मोट माळ्यावर टाकली ज्ञानूनं, ते खरं. पण तेल तोडलं होतं तिनं.

"माजंच चुकलं, आये," ज्ञानू म्हणाला.

"गप रं. ही चीर माजी हाय. तुजं काय चुकलंय त्ये मी येगळं सांगीन."

चामड्याच्या वादीनं टाके घालून चौथ्या दिवशी पहाटे मोट विहिरीत सोडली. बैलांनी ती वर ओढली. अर्धं पाणी पाटात गेलं, अर्धं चिरेतून परत विहिरीत, असं धो धो की बनुबाईनं दात आवळले. विहिरीजवळचे वेल जगले. बांधाकडच्या चार ओळी रोज थोड्या थोड्या पिवळ्या पडल्या, आणि ती रोज जाऊन त्या बघून यायची.

आठव्या दिवशी मोटार येऊन सुरूही झाली. ज्ञानू तेलाची बाटली घेऊन आईजवळ आला.

"ठेव तितं न् जा. माजा राग अजून गेला न्हाई."

"कुणावरचा, आये?"

बनुबाईनं ओंजळीत तेल घेतलं, मोट मांडीवर ओढली आणि पहिला हात चिरेवर ठेवला. मग असं काही चोळायला लागली, की ज्ञानू हळूच मागं सरला.