तारखेचा रकाना

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर जुन्या फाइली सांभाळणाऱ्या माणसाला सगळे फाइलकाका म्हणत. एकतीस वर्षं त्यांनी त्याच खोलीत काढली. कुणी आलं की काका दोन-चार प्रश्न विचारत आणि धूळ झटकून फाइल पुढ्यात ठेवत. त्यामुळे स्वारी जरा हवेतच असायची, आणि का नसावी?

मग फाइली कॉम्प्युटरवर चढल्या आणि व्हरांड्यात शोधायची स्क्रीन बसली. ती तयार करणारी मुलगी आधी वही घेऊन काकांकडे आली होती. तुम्ही फाइल नेमकी कशी शोधता, एवढंच तिला हवं होतं. काका म्हणाले, नाव आणि जन्मतारीख, बास.

ही शुद्ध थाप होती. नवी फाइलही काकाच भरत, आणि निम्म्या लोकांना जन्मतारीख ठाऊकच नसायची. मग काका दाखल झाल्याचाच दिवस आणि महिना लिहीत, वयावरून साल ठोकून देत आणि पुढचा नंबर बोलावत. शोधताना तारखेकडे ते ढुंकूनही बघत नसत. कुठला वॉर्ड, सोबत कोण होतं, असलं काहीबाही विचारत. पण एकतीस वर्षं तारखा मनाने लिहिल्या, हे त्या शिकलेल्या पोरीला कोणत्या तोंडाने सांगायचं? पोरीने विश्वासाने दोन रकाने केले. दोन्ही भरायलाच हवेत, आणि जुळले नाहीत तर लाल अक्षरं: माहिती चुकीची आहे. तपासून पुन्हा भरा.

दाराच्या काचेतून काका बघत. लोक लाल अक्षरं वाचत, ओशाळत, कागद पिशवीत घालून निघून जात. भांडायला कुणीच येत नसे. आपलंच चुकलं असं ज्याला त्याला वाटे. त्या मुलीला उद्या सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता काकांचे चार महिने गेले.

एका मंगळवारी एक लेक आपल्या आईला घेऊन तिसऱ्यांदा आली. आईचं ऑपरेशन दोन दिवसांवर होतं. मागच्या खेपेला भुलीचं औषध तिला सोसलं नव्हतं, जीव जाता जाता राहिला होता. ते औषध कुठलं हे जुन्या फाइलीतच होतं, आणि कळल्याशिवाय डॉक्टर हात लावायला तयार नव्हते. लेकीने आईच्या कार्डावरची तारीख भरली. लाल अक्षरं. कार्डावर तरी नीट तारीख सांगायचीस ना गं, म्हणून ती आईवर खेकसली आणि आई बिचारी कानकोंडी झाली.

काकांना राहवेना. त्यांनी दोघींना आत बसवलं, मागच्या वेळचं काय आठवतं ते विचारलं. लिफ्ट बंद होती, आई म्हणाली, ह्यांनी उचलून वर नेलं होतं. लिफ्ट महिनाभर बंद पडली ते साल काकांना तोंडपाठ. अर्ध्या तासात फाइल सापडली. औषधाचं नाव होतं. जन्मतारखेपुढे दाखल झाल्याचाच दिवस होता, काकांच्या वळणदार अक्षरात.

लेकीला रडू फुटलं. आईने मात्र काकांपुढे हात जोडले. "माफ करा हं. मी तारीख चुकीची सांगितली, तुम्हाला उगाच त्रास झाला."

"तुमची बरोबर आहे, बाई," काका म्हणाले. त्यांना मान वर करवेना. "चुकीची मी लिहिलीय."

तसेच ते वर त्या स्क्रीनवाल्या मुलीकडे गेले आणि सगळं ओकून टाकलं. ती चिडेल, तक्रार करेल, असं त्यांनी गृहीत धरलं होतं. ती म्हणाली, एक दिवस तुमच्या शेजारी बसून बघायला हवं होतं मी. तिने तारखेची सक्ती काढली, लाल अक्षरं पुसली आणि तिथे लिहिलं, शेजारच्या खोलीत काकांना विचारा. मग मोजून सांगितलं: चार महिन्यांत सहाशे तेरा वेळा फाइल सापडली नव्हती.

"त्यांची नावं दे," काका म्हणाले. "एकेकाची फाइल काढतो, घरी फोन करतो."

"काका, ज्यांची फाइल सापडते त्यांचीच नावं कॉम्प्युटरमध्ये राहतात."

दुसऱ्या दिवसापासून काकांनी आपली खुर्ची व्हरांड्यात, स्क्रीनच्या शेजारी आणून ठेवली. माघारी वळणारं कुणी दिसलं की ते उठून हाक मारतात. आधी एकदा लाल अक्षरं बघून परत गेला होता का, हे प्रत्येकाला विचारतात.

आजवर सगळ्यांनी नाहीच म्हटलं आहे.