मुद्दाम चुकीचं

आमच्या कागलच्या कारखान्यात लेथ मशीनवर एक मामा आहेत. त्यांना काही शिकायचं असलं, की ते कुणाला विचारत नाहीत. चहाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर उभं राहून ठणकावून चुकीचं बोलतात.

"कूलंटच्या तेलात पाणी जास्तच घालावं की! कापायचं टूल टिकतंय!"

झालं. कोल्हापूरकराला प्रश्न विचारा, तो 'बघू' म्हणेल. त्याच्यासमोर चुकीचं बोला, हातातला चहा गार करून तो तुम्हाला सुधारेल. मामा मान हलवत ऐकतात आणि मध्येच "न्हाय पटत" म्हणून आणखी थोडं काढून घेतात.

परवा मामांचं लेथ भंगारात निघालं. त्या जागी कॉम्प्युटरवालं मशीन आलं. ते ज्याला चालवता येईल तोच तिथं राहणार होता. बसवायला आलेला पुण्याचा इंजिनिअर भलताच घाईत होता.

मामा त्याला म्हणाले, "पावणं, आमचं जुनंच भारी हुतं. ह्याला स्क्रूचं आटं पाडाय कुठं येत्यात?"

इंजिनिअर लालबुंद झाला. संध्याकाळपर्यंत तो मामांना एकेक बटण दाबून दाखवत होता. आता त्या मशीनवर मामाच असतात.

काल मी त्यांना कॅन्टीनमध्ये गाठलं. "मामा, ही युक्ती कुठं शिकलात?"

"कसली युक्ती? शिकायचं म्हंजे मान खाली घालून गप बसायचं."

"अहो, छे!" मी उसळलो. मुद्दाम चुकीचं कधी बोलायचं, किती ताणायचं, कुठं थांबायचं, सगळं त्यांना समजावू लागलो.

"न्हाय पटत," मामा म्हणाले.

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मामा मान हलवत ऐकत होते. माझा चहा पार गार झाला होता.