बंदीच्या आधीचे पापड

आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, डोळ्याचं ऑपरेशन धुळ्याच्या डॉक्टरांनी बीपीमुळे पुढे ढकललं, तेव्हा मी मनातून जराशी खूश झाले होते. आता कबूल करायला हरकत नाही. घरातली पहिली पदवीधर मी. नुकतीच जळगावहून एमएस्सी करून पारोळ्याजवळच्या आमच्या गावी परतले होते, आणि माझा प्रकल्प होता पेशींमधल्या सोडियमच्या वाटांवर. डॉक्टरांनी आबांचं मीठ बंद केलं. म्हटलं, आबांनी एवढं शिकवलं, ते कामी यायची हीच वेळ.

मिठाची बरणी मी ताब्यात घेतली आणि दुपारच्या जेवणावर माझा तास सुरू झाला. मूत्रपिंडातल्या बारीक नळ्यांना पेशींचं अस्तर असतं. तीन प्रथिनं मिळून त्या पेशीला एक दार करतात. लघवीवाटे निघालेलं सोडियम त्या दारातून परत आत येतं, मागोमाग पाणी येतं, रक्ताचा दाब वाढतो.

"तीन भाऊ आनि एकच दार?" आबा म्हणाले. "आपला गावमा तं दोन भाऊसले तीन दार लागतस."

"आबा, हसू नका."

"हासत नही बेटा. पापड दे."

मी दिला. मीही घेतला. अळणी भाजीबरोबर दुसरं काय खाणार?

दुसऱ्या खेपेला बीपी आणखी वर.

"मीठ बंद केलं ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"सर, मी सोडियम चॅनेलवरच काम केलंय. बरणी माझ्याकडे असते."

"मग जेवतात काय?"

"भाकर, अळनी भाजी," माय म्हणाली. "आन पापड. पाच-सा. दोन्ही टाईमले."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे पाहिलं.

"साहेब, पापड चैतमा करेल शेतस," आबांनी वकिली केली. "तुम्ही मीठ बंद करं आखाडमा. ते बंदीना आगोदरनं मीठ शे."

खरं तर माझंही डोकं तसंच चाललं होतं. वर्षाचे पापड उन्हाळ्यात एकदा डब्यात गेले की त्यांतलं मीठ कोणाच्या हिशेबीच राहत नाही. मीठ म्हणजे बरणीतलं! पण पापडातही मीठच, वर पापडखार, तोही सोडियमचाच. पेशीचं दार काही महिना विचारून उघडत नाही.

डबा शेजारच्या काकूंकडे गेला. पेशीचं ते दार अडवणारं औषधही असतं, असं मी एकदा बोलून गेले, आणि आबांनी तेच धरलं. "मंग तुनं दार बंद कर नं. मना डबा कसाले बंद करस?"

तीन आठवड्यांनी बीपी उतरलं, ऑपरेशन झालं. पट्टी सुटल्यावर आबांनी मला पाहिलं, मायला पाहिलं, छताचा पंखासुद्धा पाहिला आणि डॉक्टरांकडे वळले.

"झकास दिसस साहेब. आते पापड खावाले काय हरकत शे?"

डॉक्टर तोंड उघडणार, तोवर मायने पिशवी उचलली.

"दुसरा डोया बाकी शे आजून," ती म्हणाली आणि दाराकडे निघाली.