आधी मेलेला आधी उठतो

चुडाव्याचे धम्मानंद मास्तर निवृत्त झाले अन् रेडिओवर बसायला लागले. कॉलेजचा छोटा रेडिओ, दहा-बारा गावांत ऐकू जाणारा. संध्याकाळी सहाला मैदानाकडच्या खिडकीत बसून कबड्डीचं धावतं समालोचन, सातला 'जुने सामने' म्हणून त्यांच्याच आवाजातल्या कॅसेटी.

समालोचन गावच्या बोलीत. गडी बाद झाला की 'मेला', संघाला गुण मिळून परत आत आला की 'उठला'. मागच्या वर्षी पन्नाशीतल्या गड्यांच्या सामन्यात ते ओरडले, "किशनराव मेला!" त्याला उठवायला गुण मिळायच्या आत शेवटची शिट्टी झाली. आठव्या दिवशी किशनराव तुरीच्या वावरात पडला, तो गेलाच.

हॉटेलात कमलबाई चहा देताना म्हणायची, "मास्तर, माझं नाव काढू नका बरं. नातसून बघायचीय अजून."

"पुरावा काय, कमलबाई?" मास्तर हसायचे. जन्मभर पोरांना पुरावा मागायला शिकवलेला माणूस. पण तेव्हापासून माईकवर निमूट 'बाद' म्हणायचे.

परवा गावच्या पोरींचा सामना होता. मास्तरांची नात सुकेशनी चढाईला गेली. परत येताना मधल्या रेषेला बोट लागायला इतकुसं राहिलं अन् चौघींनी तिला दाबलं. मास्तरांच्या तोंडून निघून गेलं, "मेली! सुकेशनी मेली!"

अन् शिट्टी. सामना संपला. पोरगी मैदानाच्या बाहेरच राहिली.

सात वाजले. माणसं पांगली. सुकेशनी खिडकीशी आली. "आबा, चला की. भूक लागलीय लय."

"तू हो पुढं, बाई. मी येतोच."

मास्तरांनी कॅसेट हातात घेतली, खाली ठेवली, अन् रिकाम्या मैदानाकडं बघत बोलायला लागले. "मंडळी, सामना अजून चालू हाय. आपली चढाई..."

एका गुणाला एकच गडी उठतो. अन् नियम असा, की आधी मेलेला आधी उठतो. नातीसाठी खोटा सामना खेळवणाऱ्या मास्तरांना हा नियम काही मोडवेना.

"एक गुण! किशनराव उठला!"

टेबलावरचा फोन वाजला. किशनरावची बायको, चांगुणाबाई.

"मास्तर, रेडिओ ऐकायलेय मी. आमच्या अंगणात कुणीतरी पाय धुवायलंय."

"कोण हाय?"

"पाठमोरं हाय. खिडकीतून दिसतंय. दार उघडलं न्हाई मी."

फोनमधून पाणी ओतल्याचा आवाज येत होता. तांब्याचा, सावकाश. मास्तरांना इथंच थांबावं वाटलं. पण सुकेशनी अजून उठली नव्हती.

फोन कानाला तसाच धरून ते माईककडं वाकले. "दुसरा गुण, मंडळी. सुकेशनी उठली."

पाण्याचा आवाज थांबला. पलीकडं कडी निघाली.

मग चांगुणाबाईचा आवाज आला, फोनपासून लांब गेलेला, "एवढा उशीर केलात व्हय?"