पुतळाबाईची गाठ

करावे गावात कुणाचं जाळं फाटलं की ते पुतळाबाईच्या ओट्यावर येऊन पडायचं. तिची एक खास गाठ होती. दोन फेरे सुलटे, एक उलटा, आणि उरलेलं टोक दातानं तोडून आत दडवायचं. सासऱ्यानं शिकवलेली. सासरा गेला, खाडीतली मासळी आटली, समोर टॉवर उभे राहिले. गाठ मात्र बोटांत राहिली. मग ती कशालाही मारायची, लेकाच्या दप्तराच्या तुटक्या पट्ट्यालासुद्धा. "माझी गाठ सुटाची नाय, कापावी लागंल," असं ठसक्यात सांगायची.

लेक प्रीतम आखातातल्या एका बंदरात क्रेन चालवायचा. दोन वर्षांपूर्वी सुट्टी संपवून परत गेला, तो तिथल्या विमानतळावरच पकडला गेला. सामानात नशेच्या गोळ्या. शिक्षा फाशी. अपीलही फेटाळलं. उरला फक्त तिथल्या राजाकडे दयेचा अर्ज.

दिराची मुलगी नमिता बेलापूरला वकिली करायची. तिनं दिल्लीला परराष्ट्र खात्यात इतके फोन केले की तिथला कारकून तिला आवाजावरून ओळखू लागला. आपल्या दूतावासातले अधिकारी प्रीतमला तुरुंगात दोनदा भेटून आले. ईदेच्या आधी माफीची यादी राजापुढे जाते, यंदा राजदूत स्वतः अर्ज नेणार होते. त्याला आईची विनंती जोडायची होती, आणि तिथंच गाडं अडलं होतं. लेकाच्या सामानात कुणीतरी परक्यानं माल सरकवला, यावर पुतळाबाई ठाम. जे केलंच नाही त्याची माफी कशाला, म्हणून अंगठा देईना.

त्या दुपारी निकालाचं मराठी भाषांतर आलं. पुतळाबाई मांदेली साफ करत होती. नमिता शेजारी बसून वाचू लागली.

"गोळ्या सुकटीच्या कापडी पिशवीत होत्या. पिशवीचं तोंड निळ्या नायलॉन दोऱ्यानं शिवलेलं होतं. गाठ सुटेना, म्हणून कापावी लागली. वाटेत कुणी पिशवी उघडल्याची खूण नाही. आरोपीनं कबूल केलं, की पिशवी मीच शिवली."

कोयती थांबली.

"परत वाच."

नमितानं परत वाचलं.

"त्याला सुईत दोरा घालता येत नाय गो," पुतळाबाई म्हणाली. तिचा आवाज दुसऱ्याच कुणाचा वाटला.

दोन वर्षांपूर्वी, निघायच्या दिवशी प्रीतम आंघोळीला गेला होता. शेजारच्या खोलीत भाड्यानं राहणारा सनी पाकीट घेऊन दारात आला. तिकडच्या दोस्तासाठी आईच्या हातचा मसाला, म्हणाला. परदेशी निघालेल्यानं दुसऱ्याचं पाकीट नेलं नाही, असं या गावात कधी झालं नव्हतं. फुटू नये म्हणून तिनं ते सुकटीत खोल दाबलं, तोंड शिवलं, आणि निघायच्या गडबडीत लेकाला सांगायचं राहून गेलं. महिन्याभरात सनी खोली सोडून गेला. तेव्हाही तिच्या मनात काही आलं नाही.

प्रीतमला सनीचं काहीच ठाऊक नव्हतं. कोर्टात त्यानं फक्त गाठ ओळखली, आणि आईचं नाव गिळलं.

मांदेलीवर माशा बसल्या, तिला हाकलायचं भान नव्हतं.

"काकी, हे सांगितलंस तर पोलीस आधी तुझ्या दारात येतील," नमिता हळूच म्हणाली.

"येव दे. त्यांना चा पाजंन. त्या सायबाला फोन लाव."

दूतावासातला साहेब व्हिडिओवर आला. मराठी बोलणारा, सोलापूरकडचा. अर्जात नवं काही असेल तर आजच हवं, म्हणाला. पुतळाबाईनं काही सांगायच्या आधी टोपलीतून जाड सुई आणि निळा दोरा काढला. एक फडकं दुमडून त्याचं तोंड शिवू लागली. दोन फेरे, एक उलटा. टोक दातानं तोडलं आणि फडकं फोनसमोर धरलं.

"सायेब, ती पिशवी मीच शिवली. पाकीट सनीनं दिलं, आत मी घातलं. माझा लेक खोटं बोलला."

साहेबानं समोरचे कागद चाळले. कोर्टाच्या कागदात त्या गाठीचा कापायच्या आधीचा फोटो आहे, असं म्हणाला.

"आई, अजून एकदा शिवा. हळू. आता रेकॉर्ड करतो."

तिनं दुसरं फडकं घेतलं. टोकाला दात लावायच्या आधी थांबली.

"प्रीतमला सांगाल ना, सायेब? पाकिटात काय हाय ते मना ठाव नव्हतं म्हनून?"