हबचे सहा बोल्ट

माझं पोस्टिंग काश्मीरमधल्या एका डोंगरी तळावर होतं. रँक हवालदार, ट्रेड व्हेइकल मेकॅनिक. लोकांना वाटतं फौजी म्हणजे बंदूक. माझ्या हातात बाराही महिने पाना असायचा आणि मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

सकाळी सहाला पीटी, साडेसातला वर्कशॉप. माझा नियम एकच होता: एकही बोल्ट कमी असेल तर गाडी माझ्या हातून सुटणार नाही. माझा ड्रायव्हर लान्स नाईक इराप्पा. त्याला मी एकदा हरवलेल्या एका बोल्टसाठी दोन तास बर्फ उकरायला लावला होता. त्याने कानडीत मला मनसोक्त शिव्या दिल्या, बोल्ट शोधला आणि माझ्या तळहातावर ठेवून हसला. तो माझ्यासारखाच बेळगावकडचा. त्याची बायको कस्तुरी बेंगळुरूला, बनशंकरीत राहायची.

त्या दिवशी आम्ही फोर-बाय-फोर पिकअपमधून पुढच्या चौकीवर बॅटऱ्या पोचवायला निघालो. मागे दोन जवान. १४:१० वाजता नाल्यातून वर चढताना पुढच्या डाव्या चाकात कडाड वाजलं. अ‍ॅक्सल शाफ्टचा सांधा फुटला होता. तुकडे आत अडकले आणि स्टिअरिंग वळेना. तो शाफ्ट काढून टाकला की गाडी मागच्या चाकांच्या जोरावर जाते. चौकी चार किलोमीटरवर होती.

वायरलेसवर कॅप्टनसाहेब होते.

"कितना टाइम?"

"पच्चीस मिनट, साब."

जॅक लावला. चाक काढलं, ब्रेकचा कॅलिपर तारेने वर टांगला. हबच्या तोंडावरचं टोपण सहा बोल्टांचं, ते उतरवलं. मग नट, हब, त्यामागचा स्पिंडल, आणि शेवटी शाफ्ट दोन्ही हातांनी ओढून बाहेर. आतले तुकडे बोटांनी उकरले. दोन बोटं कापली. मग उलट्या क्रमाने स्पिंडल आणि हब परत चढवले.

१४:३३ ला समोरच्या उतारावरून फायर आला. पहिल्या फैरीत पुढची काच फुटली. दुसरीत एका जवानाची मांडी फाटली, हाड दिसत होतं. तो स्वतःचा पट्टा दातांत धरून पडून राहिला. इराप्पा आणि दुसरा जवान एका दगडाआडून उलट फायर करत होते. माझ्या डोक्यापासून वीतभर अंतरावर पत्र्याला भोकं पडत होती.

"चक्का चढते ही निकलो," कॅप्टनसाहेब म्हणाले. "रुकना नहीं."

मी चाक चढवलं, नट कसले, जॅक उतरवला. जखमीला मागे घेतलं.

"झालं का, उस्ताद?" इराप्पा ओरडला.

टोपण जमिनीवर पडलं होतं. त्याचं काम धूळ अडवायचं. ते नसतं तरी गाडी चार काय, चाळीस किलोमीटर गेली असती. हे मला त्या क्षणीही ठाऊक होतं.

"एक मिनिट," मी म्हणालो, आणि बोल्ट लावायला बसलो.

का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. हात आपोआप चालत होते. मी सहावा बोल्ट कसत होतो, तेव्हा इराप्पा कशाने अडलंय ते बघायला वाकून माझ्याकडे आला. गोळी त्याच्या गळ्यातून आरपार गेली. तो माझ्याच अंगावर पडला. मी भोकावर तळहात दाबला, रक्त बोटांमधून येतच राहिलं. त्याला काहीतरी बोलायचं होतं, पण नुसते बुडबुडे आले.

त्याला मागे घालून मी स्वतः गाडी चालवली. स्टिअरिंग उत्तम चालत होतं. १४:५२ ला चौकी गाठली. जवान वाचला. इराप्पा वाटेतच गेला होता.

रिपोर्टमध्ये मी लिहिलं, गाडी दुरुस्त होताच निघालो. मला शाबासकी मिळाली. मी ती घेतली.

रिटायर झाल्यावर बेंगळुरूतच, यशवंतपूरला गॅरेज टाकलं. दरवर्षी त्या तारखेला कस्तुरीअक्काकडे जातो. ती चहा करते, मी इराप्पाच्या गमती सांगतो. बोल्टांचं कधी सांगितलं नाही.

गेल्या महिन्यात एचएसआर लेआउटमधला एक पुण्याचा इंजिनिअर पिकअप घेऊन आला. पुढचे शाफ्ट काढून नवे घालायचे होते. मी टोपणाचे बोल्ट कसत होतो, तो शेजारी उभा राहून बघत होता.

"काका, एकही बोल्ट मिस नाही. आर्मी डिसिप्लिन, ना? सुपर."

मी पाना खाली ठेवला. हात धुतले आणि रिक्षा करून थेट बनशंकरीला गेलो. दुपारचे चार वाजले होते.

"आज कसे काय, अण्णा?" तिने दारातच विचारलं. "तारीख तर लांब आहे. स्वल्प बसा, चहा टाकते."

"चहा नको, अक्का. आधी ऐक."

मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. बर्फात शोधलेला बोल्टही सांगितला.

"सहा बोल्टांना किती वेळ लागतो?" शेवटी तिने विचारलं.

"दीड मिनिट."

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. सेकंदकाटा एकदा पूर्ण फिरला. मग आणखी अर्धा. मीही तिच्याबरोबर बघत होतो, आणि ते दीड मिनिट संपतच नव्हतं.

"खूप होतं की, अण्णा," ती म्हणाली, आणि आत गेली.

घड्याळाखाली इराप्पाचा युनिफॉर्ममधला फोटो आहे. दरवर्षी निघताना मी त्याला सॅल्यूट करतो. त्या दिवशी हात वर गेला नाही. "झालं, इराप्पा," एवढंच म्हणालो, आणि दार ओढून घेतलं.