उघड्या तोंडाचा फोटो

परंड्याच्या मुलींच्या शाळेत मी मास्तरीण होते तेव्हाची ही गोष्ट. राज्य निजामाचं. नवऱ्यानं टाकलेली बाई नोकरी करून आईला सांभाळते, एवढंच गावाला बोलायला पुष्कळ होतं. त्यात माझा जबडा धरू लागला.

आधी नुसता आवाज यायचा. भाकरी चावताना डाव्या कानापुढं कट्‌कन व्हायचं. पुढं पुढं सकाळी तोंडच उघडेना. बोटभर फट पडायची, मग काहीतरी अडायचं, आणि जोर केला तर कानशिलापर्यंत कळ जायची. आईला वाटलं दात किडला असेल. गावातल्या दात काढणाऱ्यानं माझी धडधाकट दाढ उपटली. दुखणं होतं तिथंच राहिलं. तो दुसरी काढू म्हणाला, तशी मी उठून घरी आले.

त्याच दिवसांत तालिमात खात्याचे, म्हणजे निजामाच्या शिक्षण खात्याचे, मोहतमीम साहेब शाळा तपासायला आले. त्यांनी मला वर्गापुढं उर्दूचा धडा वाचायला सांगितलं. दोन ओळी वाचल्या आणि जबडा धरला. मी तोंडावर हात ठेवून उभी राहिले. साहेबांना वाटलं, ही मुद्दाम गप्प बसली. उर्दूला नाही म्हणायची हवा तेव्हा गावोगाव होतीच. चढ्या आवाजात न बोलता त्यांनी सांगितलं, की पुढच्या खेपेला वाचलं नाही तर ही जागा दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल. मला मान हलवण्यापलीकडं काही सांगता आलं नाही.

दिवस मावळायच्या आत गावभर झालं, की बाईंनी साहेबापुढं तोंड मिटलं. आळीतली जवान पोरं हार घेऊन दारात आली. त्यातला एक म्हणाला, "बाई, तुमी गावाची अब्रू राखली."

मी दातांच्या फटीतून म्हटलं, "माझा जबडा धरलाय. हार परत न्या."

पोरं हसली. बाई किती साध्या, म्हणत हार उंबऱ्यावर ठेवून गेली. मला रडू नाही आलं, संताप आला. साहेबाला मी मगरूर वाटले, पोरांना शूर वाटले. माझं दुखतंय हे कुणालाच ऐकायचं नव्हतं. आईसुद्धा म्हणाली, लोक चांगलं बोलतायत तर बोलू दे, तुझं काय जातंय.

"तोंड माझं हाय, आई," मी म्हटलं. "ते का मिटलं ते मीच सांगणार."

बैलगाडीनं कुर्डुवाडी आणि तिथून रेल्वेनं सोलापूर, अशा आम्ही मायलेकी गेलो. तिथल्या दातांच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी दातांकडं फारसं पाहिलंच नाही. दोन्ही कानांपुढं बोटं ठेवली आणि तोंड उघड-मीट करायला लावलं. दात चांगले आहेत, सांधा अडखळतोय, असं सांगून त्यांनी मला एक्स-रे काढायला पाठवलं. अंधाऱ्या खोलीत गाल एका थंड पेटीवर टेकवून निजवलं आणि वरून तिरकं यंत्र आणलं. एकेका बाजूचे दोन फोटो, एक तोंड मिटून, एक उघडून. उघडं तोंड हलू नये म्हणून दातांत बुचाचा तुकडा धरायला दिला. तेवढं उघडतानाही डोळ्यांत पाणी आलं, पण बूच सोडलं नाही.

डॉक्टरांनी फोटो खिडकीशी धरून दाखवले. उजवीकडं तोंड उघडलं की जबड्याचं बोंड खोबणीतून पुढं सरकत होतं. डावीकडं ते जागचं हललंच नव्हतं.

"म्हणजे मी नाटक करत नाही," मी म्हटलं.

"नाटकानं हाड असं अडत नाही," ते म्हणाले. "पण एक सांगतो. दोन हाडांमधली गादी या फोटोत दिसत नाही. ती सरकली असावी, हा माझा अंदाज. हाडं एकमेकांना चिकटून एकजीव झालेली नाहीत, एवढं मात्र नक्की. सांधा मोकळा होईल."

गरम शेक, मऊ खाणं आणि आरशासमोर तोंड सरळ उघडायचा सराव, एवढं त्यांनी सांगितलं.

परतताना निजामाच्या हद्दीवर करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर शिपायानं पिशवी उलटी केली. काळा फोटो उन्हात धरून त्यानं विचारलं, हे काय. "माझा जबडा," मी म्हटलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं, फोटोकडं पाहिलं, आणि जपून परत दिला.

सराव मी नेटानं केला. साहेब पुन्हा आले तेव्हा मी आधी फोटो पुढं केले. त्यांनी ते बराच वेळ न्याहाळले आणि आपला गैरसमज झाला, असं मुलींसमोर कबूल केलं. मग मी धडा वाचला, अख्खा. मधे एकदा अडलं. थांबले, गाल चोळला, पुढं वाचलं. साहेब खूश झाले. दारातून ऐकणारी आळीतली पोरं मात्र निघून गेली. पुढं कधी त्यांनी मला नमस्कार केला नाही.

साहेब उठायला लागले तशी मी म्हटलं, "साहेब, मागच्या वेळी मी नाही म्हटलं नव्हतं. आज म्हणते. वरच्या वर्गातल्या मुलींना गणित उर्दूतून शिकवा, असं तुमचं फर्मान आहे. उर्दू मी शिकवीन, ती गोड भाषा आहे. पण पावकी-निमकी, पाव-अर्ध्याची ही उजळणी, या मुलींना मराठीतच कळते. ती मी मराठीतच शिकवणार."

साहेब म्हणाले, की याचा परिणाम तुम्हाला ठाऊक असेल. मी हो म्हटलं. जबडा त्या वेळी अजिबात दुखला नाही.

माझी बदली निजामाच्याच राज्यातल्या वाशी गावी झाली. आईनं भांडी बांधता बांधता मला पुष्कळ ऐकवलं आणि गाडीत माझ्या आधी जाऊन बसली. वाशीच्या शाळेत पहिल्याच दिवशी मी फळ्यावर निमकी लिहिली आणि मुलींकडून मोठ्यानं म्हणून घेतली.